बाळाच्या शरीरात ई जीवनसत्त्व कसे साठते? थेंब कोणाला लागतात, कोणाला नाही?

ई जीवनसत्त्व (व्हिटॅमिन ई) हे मेदात विरघळणारे जीवनसत्त्व आहे. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, त्यामुळे ते जास्त झाले तर बरेचसे लघवीवाटे निघून जाते. ई जीवनसत्त्व तसे चटकन बाहेर पडत नाही. ते यकृतात, स्नायूंत आणि चरबीत मुरते. मोठ्या माणसाच्या शरीरात त्यासाठी भरपूर जागा असते. दीड किलोच्या बाळाकडे ती नसते.

इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावातले कमी दिवसांचे बाळ बारामतीच्या किंवा पुण्याच्या रुग्णालयात काही आठवडे राहून घरी येते, तेव्हा आईच्या हातात औषधांच्या तीन-चार बाटल्या असतात. त्यात लोह असते, कॅल्शियम असते, डी जीवनसत्त्व असते आणि कधी कधी ई असलेले मल्टिव्हिटॅमिनही असते. ‘ताकदीचेच औषध आहे, दोन थेंब जास्त गेले तर काय बिघडते?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. ई जीवनसत्त्वाच्या बाबतीत त्याचे उत्तर वैद्यकाने मोठी किंमत मोजून मिळवले आहे.

ई जीवनसत्त्व म्हणजे नेमके काय?

१९२२ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांना उंदरांवर प्रयोग करताना या घटकाचा शोध लागला. तो आहारात नसेल तर माद्यांचे गर्भ टिकत नव्हते. त्यामुळे पुढे त्याला ‘टोकोफेरॉल’ हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ साधारण ‘जन्म घडवणारा’ असा होतो. निसर्गात ई जीवनसत्त्वाचे आठ प्रकार आढळतात. मानवी शरीर त्यांतला अल्फा-टोकोफेरॉल हा एकच प्रकार प्रामुख्याने जपून ठेवते.

त्याचे काम राखणदाराचे आहे. प्रत्येक पेशीचे आवरण मेदाचे बनलेले असते. तेल जसे हवेने खवट होते, तसा हा मेदही ऑक्सिजनमुळे बिघडू शकतो. ई जीवनसत्त्व त्या आवरणात बसून हे बिघडणे रोखते. लाल रक्तपेशींना याची विशेष गरज असते, कारण त्यांचा ऑक्सिजनशी अखंड संबंध येतो.

जन्मताना बाळाकडे किती साठा असतो?

वारेतून ई जीवनसत्त्व फार थोडे पलीकडे जाते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तातही ते आईच्या रक्तातल्या प्रमाणाच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकेच असते. शिवाय ते चरबीत साठते आणि बाळाच्या अंगावर चरबी चढते ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत.

त्यामुळे किती दिवस आधी जन्म झाला यावर साठा ठरतो. १९५० च्या दशकात झालेल्या मोजमापांनुसार साधारण एक किलोच्या गर्भाच्या संपूर्ण शरीरात सुमारे ३ मिलिग्रॅम टोकोफेरॉल असते. साडेतीन किलोच्या पूर्ण दिवसांच्या बाळात ते सुमारे २० मिलिग्रॅम असते. वजन साडेतीन पट वाढते, पण साठा जवळजवळ सात पट होतो. पुढचे सगळे हिशेब या दोन आकड्यांशी ताडून पाहता येतात.

ही तूट भरून काढण्याची नैसर्गिक सोय आईच्या पहिल्या दुधात आहे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांतल्या चिकात पुढच्या दुधाच्या सुमारे तिप्पट ई जीवनसत्त्व असते. नंतरच्या दुधात लिटरला साधारण ५ मिलिग्रॅम असते. पहिल्या सहा महिन्यांसाठी दिवसाला ४ मिलिग्रॅम पुरेसे मानले जाते. हा आकडाही निरोगी बाळ रोज जितके दूध पिते त्यावरूनच काढलेला आहे. म्हणजे पूर्ण दिवसांचे, अंगावर नीट पिणारे बाळ आपला कोटा आपोआप भरत असते. चीक ‘जड पडतो’ म्हणून पिळून टाकला, तर बाळाचा ई जीवनसत्त्वाचा पहिला आणि सर्वांत दाट घासच हुकतो.

कमी वजन आणि कमी दिवस यांत फरक आहे

बाळ लहान दिसले की ‘याला व्हिटॅमिनची गरज आहे’ असे पटकन म्हटले जाते. इथे पुणे जिल्ह्यातच झालेला एक अभ्यास उपयोगी पडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. या बाळांचे जन्माचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. तुलनेसाठी इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे घेतली होती, त्यांचे वजन सुमारे ३.५ किलो होते. आपली बाळे स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी बरीच लहान होती. पण त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे ‘दिसायला बारीक, पण चरबी राखून असलेले भारतीय बाळ’ ही कल्पना जगभर पोहोचली.

आपल्या विषयासाठी यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. नऊ महिने पूर्ण करून २.३ किलोचे जन्मलेले बाळ आणि तीस आठवड्यांत १.३ किलोचे जन्मलेले बाळ, दोघांनाही ‘कमी वजनाचे’ म्हटले जाते. पण पहिल्याला चरबी साठवण्याचे शेवटचे महिने मिळालेले असतात, दुसऱ्याला मिळालेले नसतात. ई जीवनसत्त्वाचा प्रश्न मुख्यतः दुसऱ्या बाळाचा आहे. म्हणून एका बाळाला लिहून दिलेली बाटली जावेच्या किंवा शेजारणीच्या बाळाला देऊ नये.

तोंडावाटे दिलेले ई कुठे जाते?

तोंडावाटे दिलेले ई जीवनसत्त्व शोषले जाण्यासाठी आतड्यात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस लागतो. कमी दिवसांच्या बाळात दोन्ही अपुरे असतात, त्यामुळे दिलेल्यातला काही भाग तसाच शीवाटे जातो. शोषलेला भाग दुधातल्या मेदासोबत यकृतात पोहोचतो. तिथे एक खास प्रथिन अल्फा-टोकोफेरॉल निवडून पुन्हा रक्तात सोडते. बाकीचे प्रकार आणि जास्तीचा भाग यकृत हळूहळू मोडून लघवी आणि पित्तावाटे बाहेर टाकते.

रक्तातून ते वेगवेगळ्या ठिकाणी जाते, पण सगळीकडे सारख्या वेगाने नाही.

- यकृत: लवकर भरते आणि लवकर रिकामेही होते. मोठी मात्रा दिली तर पहिला भार इथेच पडतो.
- स्नायू, हृदय, मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी: प्रमाण हळूहळू वाढते. अधिवृक्क ग्रंथींत ते बरेच दाट असते.
- चरबी: सर्वांत मोठे कोठार, पण सर्वांत संथ. मोठ्या माणसांतही रोज ई दिल्यावर रक्तातली पातळी काही दिवसांत वाढते. चरबीतली पातळी स्थिरावायला मात्र वर्षाहून जास्त काळ लागतो.
- मेंदू आणि चेतातंतू: इथे ते फार सावकाश पोहोचते. मोठी मात्रा दिली म्हणून लवकर पोहोचत नाही.

आता कमी दिवसांच्या बाळाचा विचार करू. त्याचे संथ पण मोठे कोठार, म्हणजे चरबी, जवळजवळ नसतेच. यकृत अपरिपक्व असते, त्यामुळे जास्तीचे मोडून टाकण्याची ताकद कमी असते. अशा वेळी एकदम मोठी मात्रा दिली, विशेषतः शिरेतून, तर ती चरबीत विसावण्याऐवजी रक्तात आणि यकृतात तुंबते. थोडे-थोडे, दुधासोबत, रोज मिळालेले ई मात्र वाढत्या चरबीबरोबर योग्य जागी मुरत जाते.

यातून रक्ततपासणीबद्दलही एक गोष्ट कळते. ई जीवनसत्त्व रक्तातल्या मेदावर स्वार होऊन फिरते. रक्तात मेद वाढला असेल तर ई चा आकडा चांगला दिसतो, पण पेशींमध्ये कमतरता असू शकते. पित्त अडलेल्या बाळांत असे घडते. म्हणून अशा बाळांत डॉक्टर ई चे मेदाशी असलेले गुणोत्तर पाहतात.

जास्त दिल्याने काय झाले?

१९४९ मध्ये अमेरिकेतील ओवेन्स दांपत्याने अकाली जन्मलेल्या बाळांना दृष्टिपटलाच्या आजारापासून वाचवण्यासाठी ई जीवनसत्त्व देऊन पाहिले. १९६७ मध्ये ऑस्की आणि बार्नेस यांनी दाखवले की काही अकाली बाळांत लाल पेशी फुटून होणाऱ्या रक्तक्षयामागे ई ची कमतरता असते. त्या काळच्या डब्याच्या दुधात वनस्पती तेलातील असंतृप्त मेद भरपूर असे आणि वरून लोह घातलेले असे. दोन्हींमुळे ई ची गरज वाढत होती, पण ई मात्र त्या प्रमाणात घातलेले नसे. पुढे डब्याच्या दुधातले प्रमाण सुधारले आणि हा रक्तक्षय दुर्मिळ झाला.

या यशानंतर ‘थोडे उपयोगी, तर जास्त अधिक उपयोगी’ असा विचार बळावला. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ‘ई-फेरॉल’ नावाचे शिरेतून देण्याचे ई जीवनसत्त्व बाजारात आले. नवे औषध म्हणून लागणारी सरकारी मंजुरी त्याला नव्हती. ते काचपेटीतल्या अगदी लहान बाळांना दिले गेले. काही बाळांच्या पोटात पाणी झाले, यकृत आणि मूत्रपिंडे निकामी झाली, रक्तातल्या प्लेटलेट घसरल्या. १९८४ च्या एप्रिलमध्ये ते बाजारातून परत घेतले गेले, तोपर्यंत ३८ बाळांचे मृत्यू त्याच्याशी जोडले गेले होते. ई पाण्यात मिसळावे म्हणून त्यात पॉलिसॉर्बेट नावाची द्रव्ये मोठ्या प्रमाणात घातली होती. मुख्य संशय त्यांच्यावर गेला. बाळाच्या औषधात जीवनसत्त्वाइतकेच ते कशात विरघळवले आहे तेही महत्त्वाचे असते, हा धडा तेव्हा मिळाला.

१९८५ मध्ये दुसरा इशारा मिळाला. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या ज्या बाळांच्या रक्तात ई ची पातळी दीर्घकाळ फार उंच ठेवली होती, त्यांच्यात जंतुसंसर्ग आणि आतड्याचा गंभीर दाह जास्त आढळला. कारण समजण्यासारखे आहे. पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी जो ऑक्सिजनचा मारा करतात, तोच ई जीवनसत्त्व अतिरेकी प्रमाणात असताना थोपवून धरते. शिवाय फार मोठ्या मात्रेत ई जीवनसत्त्व हे के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो.

२००३ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात सर्व चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. जादा ई दिल्याने मेंदूतील रक्तस्राव कमी झाला आणि अतिशय लहान बाळांत गंभीर दृष्टिपटलविकारही घटला. पण जंतुसंसर्ग वाढला. म्हणून मोठ्या मात्रेत, शिरेतून, सरसकट ई देऊ नये असा निष्कर्ष निघाला. डोळे वाचवण्यासाठी आज भर आहे तो ऑक्सिजन मोजून देण्यावर आणि वेळेवर नेत्रतपासणीवर.

आज कोणाला दिले जाते?

अकाली जन्मलेल्या बाळांसाठी युरोपीय बालपोषणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये दर किलो वजनामागे दिवसाला २.२ ते ११ मिलिग्रॅम अशी मर्यादा सांगितली. त्यात दूध, दुधात मिसळायची पूरक भुकटी आणि थेंब असे सगळेच धरलेले आहे. म्हणून हा हिशेब घरी करायचा नसतो. तो बाळाचे वजन आणि आहार पाहून बालरोगतज्ज्ञ करतात.

दुसरा गट पित्त अडलेल्या किंवा मेद न पचणाऱ्या बाळांचा आहे. यांना ई दीर्घकाळ द्यावेच लागते, कधी पाण्यात मिसळणाऱ्या खास स्वरूपात. ते बंद पडले तर काही वर्षांत चेतातंतू बिघडतात, चालताना तोल जातो आणि उशीर झाल्यास ते नुकसान भरून येत नाही. चौदा दिवसांनंतरही कावीळ टिकली आणि शीचा रंग पांढुरका किंवा मातकट असेल, तर थांबू नये. पित्तनलिका बंद असल्याचे ते लक्षण असू शकते आणि त्यावरची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर अधिक यशस्वी होते.

पूर्ण दिवसांच्या, अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाला वेगळे ई लागत नाही.

‘४००’ चा घोळ

भारतात बाळांना डी जीवनसत्त्वाचे ४०० एकक रोज देण्याचा सल्ला दिला जातो. दुकानात ई जीवनसत्त्वाच्या ४०० एककांच्या हिरव्या कॅप्सूलही मिळतात. त्या मोठ्यांसाठी असतात. आकडा तोच असल्याने दोन्ही सारखेच वाटतात. पण एकक हे वजन नाही, परिणाम मोजण्याचे माप आहे आणि ते प्रत्येक जीवनसत्त्वासाठी वेगळे असते.

- डी जीवनसत्त्वाचे ४०० एकक म्हणजे १० मायक्रोग्रॅम, म्हणजेच ०.०१ मिलिग्रॅम.
- कृत्रिम ई जीवनसत्त्वाचे ४०० एकक म्हणजे ४०० मिलिग्रॅम. त्यातला शरीराला वापरता येणारा भाग सुमारे १८० मिलिग्रॅम.

दोन्हींच्या वजनात चाळीस हजार पटींचा फरक आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या सगळ्या अंगात मिळून सुमारे २० मिलिग्रॅम ई असते. एका कॅप्सूलमधला वापरता येणारा भागच त्याच्या नऊ पट भरतो. किलोभर वजनाच्या बाळाच्या बाबतीत तो साठ पट होतो. म्हणून कॅप्सूल टोचून बाळाच्या जिभेवर पिळणे हा प्रकार पूर्णपणे टाळावा.

तेलमालिशीतून ई मिळते का?

बाळाची त्वचा, विशेषतः कमी दिवसांच्या बाळाची, पातळ असते. २००५ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांनी १२० नवजात बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना करडईच्या तेलाने, काहींना खोबरेल तेलाने दिवसातून चार वेळा पाच दिवस मालिश केली आणि काहींना तेलाविना. करडईचे तेल लावलेल्या बाळांच्या रक्तात त्या तेलातली मेदाम्ले वाढली. खोबरेल लावलेल्यांत संतृप्त मेद वाढला. म्हणजे अंगाला लावलेले तेल काही प्रमाणात आत जाते.

हा अभ्यास मेदाम्लांचा होता. त्यावरून मालिशीने ई ची गरज भागते असे म्हणता येत नाही. पण एक सावधगिरी मात्र निघते. बाळाच्या अंगाला जे लावतो ते केवळ वरवर राहत नाही. साधे, शुद्ध खाद्यतेल हलक्या हाताने लावायला हरकत नसते. कॅप्सूलमधले दाट ई बाळाच्या अंगावर चोळण्याची गरज नाही.

बाळंतिणीच्या ताटात काय असावे?

आईच्या रोजच्या आहारातल्या चढउतारांनी दुधातले ई फारसे बदलत नाही. आईचे शरीर ते सांभाळून घेते. म्हणून बाळासाठी आईने ई च्या गोळ्या घेण्याचे कारण नसते. आईच्या स्वतःच्या साठ्यासाठी मात्र आपल्या भागातलेच पदार्थ पुरेसे आहेत. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ८ मिलिग्रॅम ई असते, शेंगदाणा तेलात १५ च्या आसपास आणि करडईच्या तेलात सुमारे ३४. करडई हे बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू पट्ट्याला परके पीक नाही. शेजारच्या फलटणमधील निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईच्या बिनकाट्याच्या जातींवर महत्त्वाचे काम केले आहे. शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी आणि भाकरीवर थोडे तेल एवढ्यानेही बरेच साधते.

बाळ घरी आल्यावर

रुग्णालयातून निघण्यापूर्वी प्रत्येक बाटलीबद्दल चार गोष्टी लिहून घ्याव्यात: ती कशासाठी आहे, किती मिली किंवा किती थेंब, दिवसातून किती वेळा आणि कधी थांबवायची. ‘थेंब’ आणि ‘मिली’ यांची गल्लत हे चुकीच्या मात्रेचे सर्वांत साधे कारण असते. बाटलीसोबत आलेलाच ड्रॉपर वापरावा. दोन बाटल्यांवर ई जीवनसत्त्व लिहिलेले दिसले, तर दुसरी सुरू करण्यापूर्वी विचारावे. लोहाचे थेंब मात्र ई च्या भीतीने परस्पर बंद करू नयेत.

आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येऊन बाळाचे वजन आणि तापमान पाहतात. त्यांना सगळ्या बाटल्या दाखवाव्यात. बाळ ३४ आठवड्यांआधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मले असेल, तर जन्मानंतर तीस दिवसांच्या आत दृष्टिपटलाची तपासणी झालीच पाहिजे. अगदी लहान बाळांसाठी ही मुदत वीस दिवसांचीच असते. कोणतेही जीवनसत्त्व या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

बाळ दूध ओढेनासे झाले, पोट फुगले, हिरवी उलटी झाली, शीतून रक्त गेले किंवा अंग थंड पडले, तर थेंबांचा विचार बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठावे. त्यासाठी १०८ किंवा १०२ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे सरकारी रुग्णालयातील उपचार आणि तिथवरची ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे.